आश्रमातच जन्मलेल्यांनी बाहेर पडल्यावर सुरुवात कुठून करायची?

रानजाई (प्रश्न)
मोठेपणी कल्टमध्ये (एका गुरूच्या मुठीत चालणाऱ्या बंदिस्त पंथात) जाऊन बाहेर आलेल्यांसाठी बरंच लिहिलेलं सापडतं. जुने मित्र शोधा, सुटलेले छंद धरा वगैरे. जी मुलं आतच जन्मली त्यांच्याकडे 'जुनं' काही नसतंच. विशी-पंचविशीत बाहेर पडणाऱ्या अशा मुलामुलींबरोबर काम करणाऱ्यांनी सांगावं, पहिल्या सहा महिन्यांत आधी काय आणि नंतर काय? शिक्षण आश्रमाच्याच शाळेत, कागद अर्धवट, आईवडील अजून आत, असं धरून चला. (संप्रदाय हा शब्द मुद्दाम टाळलाय, नाहीतर चर्चा थेट वारीला जाऊन पोचायची.)

सुतारपक्षी
फरक बरोबर पकडलात. रजनीशांचंच (ओशोंचं) बघा. पुण्यात कोरेगाव पार्कला १९७४ पासून आणि पुढे १९८१ ते ८५ अमेरिकेतल्या ओरेगॉनमध्ये मोठ्यांनी नवं नाव, भगवे-लाल कपडे, १०८ मण्यांची माळ स्वतःहून घेतली. मुलांच्या वाट्याला ते आयतं आलं, वर राहायचं आईबापांपासून वेगळं. ओरेगॉनचा आश्रम मोडल्यावर मोठ्यांकडे परतायला जुनं नाव नि जुना पेशा तरी होता. मुलांना सगळं पहिल्यांदाच शिकायचं होतं.

क्रम असा: झोप, जेवण, पैसे, मग शब्द, आणि आठवणी सगळ्यात शेवटी. उलटं केलं, म्हणजे पहिल्याच महिन्यात 'मनात साठलेलं सगळं बोलून टाक' म्हटलं, की माणूस ढासळतो आणि परत जातो. तिथे निदान ताट वाढलेलं असतं.

झोप: आश्रमातल्या सवयीने पहाटे साडेतीनला जाग येतच राहते. एकदम सातपर्यंत झोपायचा हट्ट नको. दर तीन-चार दिवसांनी उठण्याची वेळ पंधरा मिनिटं पुढे न्यायची.

निवड: ऐंशी पदार्थांचं मेनूकार्ड हातात दिलं की ही मुलं गोठतात. 'तुला काय हवं?' ऐवजी 'पोहे की उपमा?' विचारा. दोनच पर्याय, आणि चुकलं तरी चालेल असेच.

शब्द: हे काम सगळ्यात महत्त्वाचं, आणि नेमकं हेच कोणी करत नाही. वहीत दोन रकाने आखा. डावीकडे आतला शब्द, उजवीकडे बाजारातला अर्थ. उदाहरणार्थ 'विकल्प'. आत 'विकल्प आला' म्हणजे गुरूबद्दल शंका आली, पाप झालं, विचार तिथेच बंद. बाहेर विकल्प म्हणजे साधा पर्याय. सेवा म्हणजे बिनपगारी काम, किती तास ते शेजारी लिहायचं. अहंकार म्हणजे बहुतेक वेळा नुसतं 'नाही' म्हणणं. आठवड्याला पाच शब्द पुरेत.

बोरूबहाद्दर
मी कागदांचं सांगतो. सगळ्यात आधी मोबाइल नंबर. सिम बहुतेकदा संस्थेच्या नावावर असतं, म्हणजे बँकेचा ओटीपी त्यांच्याकडे जातो. स्वतःच्या नावावर सिम घेऊन आधार केंद्रात जायचं आणि नंबर बदलून घ्यायचा, त्याला वेगळा कागद लागत नाही. मग बँकेत.

जन्मदाखला नसेल तर जन्म झाला त्या ग्रामपंचायतीत किंवा पालिकेत नोंद शोधायची. ती सापडली नाही तर 'नोंद उपलब्ध नाही' असा दाखला घेऊन विलंबित नोंदणीचा अर्ज. १ ऑक्टोबर २०२३ पासून अशा नोंदणीचा आदेश न्यायालयाऐवजी जिल्हाधिकारी, प्रांत किंवा अधिकार दिलेले कार्यकारी दंडाधिकारी देतात. लसीकरणाचं कार्ड, बाळंतपणाचा दवाखान्याचा कागद, जे मिळेल ते जोडा.

घोळ होतो तो नावाचा. एका कागदावर गुरूंनी ठेवलेलं, दुसऱ्यावर घरचं. अर्ज करायच्या आधी एकच नाव ठरवा. बदलायचं असेल तर राजपत्रात छापून घ्या, मगच पुढचे कागद.

दहावीला बाहेरून बसायच्या सतरा नंबरच्या फॉर्मला आधीच्या शाळेचा दाखला मागतात. आश्रमशाळा विनामान्यता असेल तर तिथेच अडतं. (सरकारी आश्रमशाळा वेगळ्या, गल्लत नको.) एनआयओएसला (केंद्राच्या मुक्त विद्यालयाला) चौदा वर्षं पूर्ण आणि 'मी स्वतः अभ्यास केला आहे' हे स्वयंघोषणापत्र चालतं. पाच विषय, पाच वर्षांची मुदत, नऊ संधी.

रानजाई
शब्दांच्या वहीचं पटलं. समुपदेशक निवडताना काय बघायचं? आणि आईवडिलांशी बोलणं ठेवायचं की तोडायचं?

कडुलिंब
फोनवरच तीन गोष्टी विचारा. भारतीय पुनर्वास परिषदेची (चिकित्सा मानसशास्त्रज्ञांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी संस्थेची) नोंदणी आहे का? घरच्यांनी फोन केला तर काय सांगाल? आणि उपचारात ध्यान वापरता का? तिसरं का, तर 'डोळे मिटा, श्वासावर लक्ष द्या' हेच या मुलांना नको असतं. वर्षानुवर्षं त्याच वाटेने तंद्री लागलेली असते, डोळे मिटले की शरीर आपोआप तिथे जातं. धुपाचा वास, संध्याकाळची घंटा यांनीही तेच होतं. त्या वेळी डोळे उघडे, पाय थंड फरशीवर, आजची तारीख, गाव आणि स्वतःचं वय मोठ्याने म्हणायचं, समोरच्या पाच वस्तूंची नावं घ्यायची. भिंतीवर कुठल्या महाराजांची तसबीर असेल तर दुसरं दार शोधा, तज्ज्ञ कितीही चांगला असला तरी. रात्री-अपरात्री गरज पडली तर टेलि-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६, मोफत, मराठीत.

सुतारपक्षींच्या 'आठवणी शेवटी' ला एक अपवाद. लहानपणी लैंगिक अत्याचार झाला असेल आणि आत अजून मुलं असतील, तर वकिलाला लवकर भेटा. पॉक्सो (मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा) १४ नोव्हेंबर २०१२ पासूनच्या घटनांना लागतो, त्याआधीच्यांना तेव्हाचं भारतीय दंड विधान. तपशील सांगताना समुपदेशक शेजारी हवा.

आईवडिलांशी तोडू नका, पण वेळ बांधा: ठरलेला वार, दहा मिनिटं, गुडघेदुखी, लोणचं, पाऊस. गुरूंचे पुरावे दाखवायला गेलात की ती मंडळी घाबरून वरपर्यंत कळवतात आणि फोन बंद होतो. बोलणं तिकडे वळलं तर एकच वाक्य, 'आई, दूध उतू जातंय, पुढच्या रविवारी बोलू', आणि रविवारी फोन नक्की करायचा.