कोल्हापूरच्या महाद्वार रोडवर माणसानं चालायचं कुठनं?

तिकटीवाला: आईला घेऊन अंबाबाईला निघालो की डोकं तापतंय. तिचे गुडघे गेलेत. फुटपाथवर चढवावं तर वीतभर उंच, वर मोटरसायकल आडवी, तिच्या पुढं दुकानाची साडी नेसवलेली बाहुली. खाली उतरलं की मागनं रिक्षा हॉर्न मारतीया. गाड्या बंद करा म्हटलं की दुकानदार म्हणत्यात ‘धंदा बसंल’. दुसरीकडं कसं जमवलंय?

रस्तेवाली: दादा, नियम आहे की! आयआरसी १०३, म्हणजे इंडियन रोड्स काँग्रेसच्या पादचाऱ्यांसाठीच्या मार्गदर्शक सूचनांनुसार, फुटपाथवर चालायला किमान १.८ मीटर मोकळी जागा हवी, कडेची उंची १५० मिमीपेक्षा जास्त नको. उंच केला की सुरक्षित, असं ठेकेदाराला वाटतं; लोक मात्र चढायचं टाळून रस्त्यानंच जातात.

कापडवाला: माझं दुकान त्याच भागात. दारात लागलेली गाडी गिऱ्हाइकाची असतीया असं समजू नका, निम्म्या वेळा शेजारच्या दुकानदाराचीच. पण माल कधी उतरवू तेवढं सांगा.

रस्तेवाली: कोपनहेगनचा स्ट्रॉयेट रस्ता १९६२ मध्ये गाड्यांना बंद झाला. व्यापारी तिथंही चिडले होते. टेम्पोला सकाळची वेळ ठरवून दिली की झालं. फेरीवाल्यांना मात्र हाकलू नका. २०१४ च्या कायद्यानं त्यांनाही जागा द्यायची आहे.

तिकटीवाला: सकाळी टेम्पो, मग चालणारे. आधी फक्त शनिवार-रविवार करून बघूया, कापडवाले? बाहुली तेवढी आत घ्या.

कापडवाला: घेतो भावा. शेजाऱ्याला तू सांग.