पंढरपूरचं दार उघडलं कुणी? एकट्या माणसाने?

वाळवंटकर
साने गुरुजी म्हटलं की लोकांना हळवा, रडवणारा लेखक आठवतो. मला आठवतो तो १ मे १९४७ ला पंढरपुरात आमरण उपोषणाला बसलेला हट्टी माणूस. मागणी एकच, विठ्ठलमंदिर हरिजनांना (तेव्हाचा शब्द) खुलं करा. बडवे (मंदिराचे वंशपरंपरागत पुजारी) विरोधात, सनातनी विरोधात, गांधीजींनाही हे उपोषण पटलेलं नव्हतं. तरी गडी दहा दिवस हलला नाही. शेवटी बडवे नमले. चोखोबांना सहाशे वर्षं महाद्वाराबाहेर ठेवणारा गाडा एका माणसाने हलवला. समाज बहुमताने सुधारत नाही. आधी कुणीतरी एकटा अडून बसतो, मग बाकीच्यांना लाज वाटायला लागते.

तिरपागडा
नाशिकला काळाराम मंदिरासमोर २ मार्च १९३० ला सत्याग्रह सुरू झाला. बाबासाहेब, दादासाहेब गायकवाड आणि हजारो माणसं. पाच वर्षं चालला, लोकांनी दगड खाल्ले. दार उघडलं नाही. त्यांचं धैर्य कमी पडलं का? ब्राह्मण लेखकाचा जीव जायची वेळ आली तेव्हा पाझर फुटला, पिढ्यान्‌पिढ्या बाहेर उभ्या असलेल्यांसाठी नाही फुटला. याला नैतिक विजय म्हणायचं तर खुशाल म्हणा.

वाळवंटकर
म्हणूनच तर म्हणतो! दार ज्यांनी बंद केलं, त्यांच्यातल्याच कुणीतरी उठून 'हे पाप आहे' म्हणायला नको का? ते काम बाहेरच्यांवर का टाकायचं?

मुद्द्याचं बोला
मुंबई प्रांताचा हरिजन मंदिर प्रवेश कायदा १९४७ चाच आहे. प्रांताचं बाळासाहेब खेरांचं सरकार तो करणारच होतं. उपोषण नसतं तरी दार उघडलंच असतं.

महाडकडची
कायद्याने आपोआप काही उघडत नाही हो. आमच्या महाडचंच बघा. सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले, हा बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात १९२३ ला झाला. पुढच्या वर्षी नगरपालिकेनेही चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. कागदावर सगळं झकास. प्यायलं कोण? २० मार्च १९२७ उजाडेपर्यंत कुणी नाही. त्या दिवशी बाबासाहेब तळ्यात उतरले, ओंजळभर पाणी प्यायले आणि गावाचं डोकं फिरलं. परिषदेहून परतणाऱ्यांना मारहाण झाली, तळं गोमूत्र-शेणाने 'शुद्ध' केलं, कोर्टकचेरी १९३७ पर्यंत चालली.

पण वाळवंटकर, तुमचंही मला पटत नाही. ती ओंजळ एकट्याची नव्हती. मागे जे हजारो होते त्यांना रात्री आपापल्या गावी जायचं होतं, आणि गावात जमीनदाराच्याच बांधावर राबायचं होतं. पुढाऱ्याचं धैर्य इतिहासात जातं. या माणसांची नावंसुद्धा कुणाला माहीत नाहीत.

टाळकुटे
गुरुजी तरी एकटे कुठे होते? आधी काही महिने महाराष्ट्रभर फिरले, राष्ट्र सेवा दलाची पोरं बरोबर होती. गावोगावी विहिरी आणि देवळं त्या दौऱ्यातच खुली झाली, उपोषण नंतरचं. आणि बसायला जागा दिली ती तनपुरे महाराजांनी, स्वतःच्या मठात. पंढरपुरात राहून, वारकऱ्यांत वावरून हे करणं म्हणजे खायचं काम नव्हतं. माझ्या लेखी गुरुजींच्या तोडीचा माणूस तो.

तिरपागडा
आणि नमले म्हणजे काय? बडव्यांनी विठ्ठलाचं तेज घागरीत काढून घेतलं अशी कथा पंढरपुरात आजही सांगतात. बाहेरचे आत आले, देव घागरीत गेला! बडवे आणि उत्पात (रुक्मिणीचे पुजारी) यांचे परंपरागत हक्क संपले ते सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१४ मध्ये निकाल दिल्यावर. मन बदललं असतं तर कोर्टापर्यंत जावं लागलं असतं?

वाळवंटकर
मनं बदलली नाहीत, मान्य. पण १९४७ ला पहिल्यांदा आत गेलेल्या म्हातारीने बडव्यांचं मन बदलायची वाट बघत २०१४ पर्यंत थांबायचं होतं का? तिला पाय धरायला मिळाले, मला तेवढं पुरे आहे.

तिरपागडा
तुम्हाला पुरे आहे, खरंय. १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही असं जाहीर केलं. त्यानंतर बारा वर्षांनी तुमचं दार उघडलं. तोवर त्या म्हातारीच्या घरातल्या पोरांना देवळात जायचंच नव्हतं.