‘बोर्ड’ हा एक शब्द की अनेक?

इंग्रजीची बाई:
मी सातारा जिल्ह्यातील एका शाळेत आठवीला इंग्रजी शिकवते. ‘द कॅप्टन वेंट ऑन बोर्ड’ या वाक्याचे भाषांतर एका मुलाने ‘कप्तान फळ्यावर गेला’ असे केले आणि सारा वर्ग हसला. पण त्याला दोष तरी कसा द्यावा? मीच रोज ‘बोर्डवर बघा’ म्हणते, दहावीच्या मुलांना ‘यंदा तुमचे बोर्ड आहे’ अशी आठवण करून देते आणि पंखा फिरेनासा झाला की शिपाईमामांना बोर्ड तपासायला सांगते. या सगळ्यांचे मूळ एकच आहे का?

शब्दवेल्हाळ:
बहुतेकांचे मूळ एकच, ते म्हणजे लाकडाची फळी. फळ्या जोडून मेज झाले, म्हणून मेजालाही बोर्ड म्हणू लागले, आणि त्या मेजाभोवती कारभारासाठी बसणारी माणसेही पुढे बोर्ड झाली. ईस्ट इंडिया कंपनीवर देखरेख ठेवण्यासाठी १७८४ च्या कायद्याने नेमलेले ‘बोर्ड ऑफ कंट्रोल’ याच अर्थाचे. आपल्याकडचे लोकल बोर्ड, कँटोन्मेंट बोर्ड आणि दहावीची परीक्षा घेणारे बोर्डही त्याच वळणाचे. परीक्षेलाच ‘बोर्ड’ म्हणणे ही मात्र आपली करामत. जहाजाची गोष्ट थोडी वेगळी आहे. जुन्या इंग्रजीत ‘बोर्ड’चा ‘कड, जहाजाची बाजू’ असाही अर्थ होता आणि तो फळीच्या शब्दात फार पूर्वीच मिसळून गेला. जहाजाच्या उजव्या बाजूला ‘स्टारबोर्ड’ म्हणतात त्याचा ताऱ्यांशी काही संबंध नाही. सुकाणूचे वल्हे त्या बाजूला असे, म्हणून ती ‘सुकाणूची बाजू’.

पंक्तीतला:
मेजावरून माणसांकडे जाताना वरील उत्तरात जेवण राहून गेले. मेजावर वाढलेले अन्न तेही बोर्डच. ‘बोर्ड अँड लॉजिंग’ म्हणजे जेवण आणि राहणे. (याचे ‘मंडळ व निवास’ असे भाषांतर मी एका छापील पत्रकात डोळ्यांनी पाहिले आहे.) बाई, तुमच्या साताऱ्यातच कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये ‘छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस’ सुरू केले, त्याआधी १९०१ मध्ये कोल्हापुरात शाहू महाराजांच्या काळात ‘व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग’ निघाले होते. ‘आजोबा बोर्डिंगात शिकले’ असे घरोघरी सांगितले जाते, तेव्हा त्या शब्दात जेवणाची सोय गृहीतच असते. आपणही जेवणाच्या तयारीला ‘पाटपाणी घेणे’ म्हणतो, आणि पाट म्हणजे तरी काय, लाकडाची फळीच. शिवाय ‘दुसऱ्या फळीतले नेते’ आणि क्रिकेटमधली ‘मधली फळी’ पाहा. मराठीतही फळीचा माणसांशी संबंध जुळलेला आहेच.

जुना वायरमन:
विजेच्या बोर्डाबद्दल मी सांगू शकतो. बॅटन वायरिंगच्या काळात भिंतीवर खरोखरीच लाकडी फळी ठोकून तिच्यावर काळी बटणे बसवत असू. आता सगळे प्लॅस्टिकचे झाले तरी नाव बोर्डच राहिले. वीज मंडळाच्या २००५ मध्ये वेगवेगळ्या कंपन्या झाल्या, तरी लोकांच्या तोंडी अजून एमएसईबीच आहे. त्यातले शेवटचे अक्षर बोर्डाचेच.

शब्दवेल्हाळ:
वर्गासाठी एक खूण सुचवतो. ‘ऑन बोर्ड’मध्ये ‘द’ नसेल तर जहाज, विमान किंवा गाडी समजावी. ‘ऑन द बोर्ड’ असेल तर फळा किंवा संचालक मंडळ, आणि त्यातले कोणते ते पुढच्या-मागच्या वाक्यांवरून ठरवावे. ही खूण दरवेळी चालेलच असे नाही, पण आठवीला पुरेल.

इंग्रजीची बाई:
सर्वांचे आभार. त्या मुलाच्या वाक्यात ‘द’ नव्हताच, हे माझ्याही लक्षात आले नव्हते. सोमवारी जहाजाचे चित्र काढून त्याची उजवी बाजू दाखवायला त्यालाच फळ्यावर बोलावते.