आबाजींच्या भजनांच्या कॅसेट: आवाज चढा का येतो?

नमस्कार मंडळी,
तिवसा तालुक्यातल्या घरून आबाजींच्या अकरा कॅसेट आल्यात. सामुदायिक प्रार्थना, राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची खंजिरी भजनं, मधेमधे आबाजींचं बोलणं. वर्षश्राद्धाला गावात लावायच्या आहेत. पण आवाज त्यांचा वाटतच नाही. बारीक येतो आणि बाजू संपत आली की आणखी चढतो. टेप गेली का?

---

ताई, टेप नाही, सेल गेले होते. लोडशेडिंगमुळे रेकॉर्डिंग बहुधा सेलवर झालं असणार. सेल उतरले की मोटर मंदावते, टेप हळू सरकते. तीच टेप आज नेमक्या वेगाने, सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर, वाजवली की सगळं चढं आणि घाईचं ऐकू येतं.

मोजमाप आबाजींच्या पेटीवरून घ्या. पेटी अजून घरी असेल तर काळी एक, म्हणजे सप्तकातली पहिली काळी पट्टी, दहा सेकंद दाबून, भाता सारखा ठेवून, फोनवर मागवा. टेपवर पेटीवाल्याने धरलेली काळी एक जर पांढरी दोनसारखी, म्हणजे अर्धा सूर वर, लागत असेल, तर वेग ५.६ टक्के कमी करायचा. ऑडॅसिटी या आवाज दुरुस्तीच्या सॉफ्टवेअरमध्ये वेग आणि पट्टी एकत्र बदलणारा पर्याय घ्या. नुसती पट्टी उतरवली तर सूर जागेवर येतील, लय मात्र घाईचीच राहील. सेल हळूहळू उतरतात, म्हणून सबंध बाजूला एकच आकडा लावू नका. दर भजनाला पेटीशी ताडून बघा.

वाजवण्याआधी कॅसेटच्या खिडकीतून टेप बघा. पांढरी बुरशी दिसली तर ती कॅसेट लावूच नका, हेडला लागून बाकीच्या दहाही खराब होतील. टिनाखालच्या ट्रंकेत उन्हाळे काढलेल्या कॅसेटमधल्या, टेप हेडवर दाबून धरणाऱ्या नमद्याच्या गादीचा गोंद सुकतो, गादी पडते आणि आवाज बसका, येतो-जातो असा होतो. स्क्रूची कॅसेट असेल तर उघडून दुसरी गादी बसवता येते. चिकटवलेली असेल तर कवच फोडून टेप नव्या कवचात घालावी लागते. चांगली असेल ती एकदा पूर्ण पुढे, पूर्ण मागे फिरवून मगच रेकॉर्ड करा.

फोन स्पीकरसमोर धरू नका. टेपच्या लाइन-आउटमधून वायरने संगणकाच्या यूएसबी साउंड कार्डात घ्या, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट वॅव्ह फाइल; तासाला साधारण १ जीबी होते. पातळी −६ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका, खंजिरीची थाप अचानक येते.

---

वरचं सगळं बरोबर, फक्त नॉइज रिडक्शनचा मोह आवरा बाप्पा. खंजिरीच्या चकत्यांची खणखण आणि टेपची सळसळ एकाच उंच पट्ट्यात असते. सळसळ पुसायला जाल तर चकत्याही जातात आणि उरतो नुसता डब्याचा आवाज.

आणि भजनांमधलं बोलणं कापू नका. कोणाला टाळ हळू धरायला सांगितलं, पेटी कोणत्या पट्टीत लावायला सांगितली, हे तिथेच सापडेल. आबाजींनी तोंडाने "काळी एक" म्हटलेलं सापडलं तर ताईंचं अर्धं काम झालं, पट्टी ओळखत बसायला नको.

मूळ वॅव्ह दोन ठिकाणी ठेवा, दुरुस्ती प्रतीवर करा. गावी मात्र पेन ड्राइव्हवर एमपी३ न्या. मंडपवाल्याचं मशीन वॅव्ह वाचेलच असं नाही.