शिसवाची भरपाई रोपांनी होत नाही

झाडतोडीचा विषय निघाला की 'तोडलं तर तोडलं, दुप्पट रोपं लावू' असं म्हटलं जातं. हे झपाट्यानं वाढणाऱ्या आकेशियाला लागू होईल, शिसवाला नाही. झोपाळ्याला, देव्हाऱ्याला लागतो तो काळसर जांभळा गाभा धरायला या झाडाला कित्येक दशकं लागतात. कोवळं खोड कापलेलं पाहा, जवळजवळ सगळं पांढुरकं, सुताराच्या काही कामाचं नाही. तरी ते तोडलं जातं. रत्नागिरी-सिंधुदुर्गात बरीचशी झाडी मालकीची, ठेकेदार अख्खा उतार लॉटनं घेतो आणि ऐन-किंजळाच्या झाडांबरोबर मनगटाएवढा शिसवही सरपणाच्या ट्रकात पडतो. बघून जीव तुटतो.

वन्य प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर लक्ष ठेवणाऱ्या साइट्स करारानं २०१६ साली शिसवाला त्याच्या डालबर्जिया कुळीतल्या जवळजवळ सगळ्या भाऊबंदांसकट दुसऱ्या परिशिष्टात, म्हणजे परवान्याशिवाय निर्यात करता येत नाही अशा यादीत, घातलं. गिटारींसाठी आणि फर्निचरसाठी जगभर मागणी आहे म्हणून. पण तो नियम देशाबाहेरच्या व्यापारापुरता, आपल्या डोंगरावरच्या करवतीला तो अडवत नाही.

करण्यासारखं एक आहे. शिसव तोडला तरी त्याच्या मुळांतून धुमारे फुटतात, कधी बुंध्यापासून चांगले लांब. गोलसर पानं, दांडीवर समोरासमोर नसून एकाआड एक, यावरून ओळखता येतात. तयार मुळांवर वाढत असल्यानं बियांच्या रोपापेक्षा जोम जास्त. त्यांना जेसीबी आणि वणवा हे दोनच मोठे वैरी. काजू-आंब्याच्या कलमांसाठी जमीन साफ करताय त्यांनी निदान गडग्यालगतचे, म्हणजे दगडी कुंपणाशेजारचे, धुमारे राखा आणि उन्हाळ्याआधी भोवतीचं गवत काढून घ्या.