चर्चच्या साडेचार गुंठ्यांवर, भर बाजारात, भाड्याची स्वस्त घरं बांधायची आहेत. सुरुवात कुठून?

प्रश्न (पारिजात_वेंगुर्ला):
नमस्कार मंडळी. चर्चच्या मालकीची गावठाणात साडेचार गुंठे, म्हणजे साधारण ४५५ चौ. मी. मोकळी जागा आहे. प्रॉपर्टी कार्ड ट्रस्टच्या नावावर आहे. पुढे डांबरी रस्ता, मागे जुनी विहीर, समुद्र अंदाजे साडेतीनशे मीटरवर, मध्ये दोन रस्ते. हॉस्पिटलात, मच्छी बाजारात, हॉटेलांत राबणाऱ्या कुटुंबांना गावात भाड्याचं घर मिळेनासं झालंय. खोल्या पर्यटकांकडे गेल्या. पॅरिशच्या (चर्चच्या स्थानिक मंडळीच्या) समितीचा विचार आहे की ७-८ छोटी घरं बांधावीत. एका बिल्डरचा निम्म्या-निम्म्याचा प्रस्ताव आलाय. तो घ्यावा का? परवानग्यांचा क्रम काय? आणि पंतप्रधान आवास योजनेचे पैसे यात बसतात का?

उत्तर १ (दस्तऐवज):
बिल्डरला सध्या थांबवा, कारण त्याच्या प्रस्तावात निम्मी जमीनच जाते. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ३६ प्रमाणे ट्रस्टची स्थावर मालमत्ता विकायला, अदलाबदल किंवा बक्षीस करायला धर्मादाय आयुक्तांची पूर्वमंजुरी लागते. बिगरशेती जागा किंवा इमारत ३ वर्षांपेक्षा जास्त मुदतीने भाडेपट्ट्यावर द्यायची असली तरी लागते. विकसनाचा करारही त्याच चाळणीतून जातो. तिथे पहिला प्रश्न येतो की यात ट्रस्टचं हित काय. मग मूल्यांकन, जाहिरात देऊन मागवलेले देकार, विश्वस्तांचा ठराव, सगळं मागतात. स्वस्त घरांसाठी कमी दराने जमीन देतोय, एवढ्यावर ही कसोटी पार पडणं कठीण असतं.

ट्रस्टनेच बांधून स्वतःकडेच मालकी ठेवली आणि ११ महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सवर घरं दिली, तर जमीन हलत नाही आणि कलम ३६ आडवं येत नाही. कर्ज काढायचं असेल तर मात्र कलम ३६-अ प्रमाणे आधी मंजुरी घ्या. हे बऱ्याच समित्या विसरतात आणि बँकेच्या दारात अडकतात.

त्याआधी ट्रस्ट डीड काढून उद्देश वाचा. त्यात फक्त उपासना आणि धर्मशिक्षण असेल, तर घरबांधणी हा ट्रस्टचा उद्देशच नाही अशी हरकत येऊ शकते. गरिबांना मदत हा उद्देश हवा. नसेल तर वकिलाकडून दुरुस्तीचा मार्ग आधी काढून घ्या, नकाशा नंतर. कॅथलिक पॅरिश असेल तर बिशपांची लेखी संमतीही लागेल. जमीन नेमकी पॅरिशच्या नावावर आहे की डायोसीझच्या (बिशपांच्या धर्मप्रांताच्या), हे कार्डावर एकदा पाहा.

आवास योजनेचं म्हणाल, तर बीएलसी घटकात (लाभार्थ्याने स्वतः घर बांधायचं, त्यात) जमीन लाभार्थ्याच्या नावे लागते. ती इथे नाही. भागीदारीतल्या घटकात घर लाभार्थ्याला विकलं जातं, म्हणजे पुन्हा कलम ३६. तो अनुदानाचा अडीच लाखांचा आकडा हिशेबात धरू नका.

एक चांगली बाब. जागा ५०० चौ. मी. च्या आत आहे, शिवाय तुम्ही विकत नाही, त्यामुळे रेरा (घरविक्रीच्या प्रकल्पांवरचा कायदा) नोंदणीचा प्रश्न उरत नाही.

उत्तर २ (नकाशावाला):
सीआरझेड, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामावरचे निर्बंध, आधी तपासा. समुद्रापासून भरतीरेषेच्या ५०० मीटरच्या आत आहात, म्हणजे मोजणी भरतीरेषेवरून हवी, गुगलवरून नाही. नगरपरिषद हद्दीतला विकसित भाग सहसा सीआरझेड-२ मध्ये येतो आणि तिथे सध्याच्या रस्त्याच्या जमिनीकडच्या बाजूला बांधकाम करता येतं. मंजूर नकाशावर आपला सर्व्हे नंबर कुठल्या पट्ट्यात आहे ते दाखवून घ्या. विहीर आहे म्हणून बोअर मारू असं ठरवू नका, या पट्ट्यात भूजल उपशावर बंधनं आहेत.

त्यानंतर क्रम असा: भूमी अभिलेखची हद्द कायम मोजणी, नगरपरिषदेकडून झोन दाखला, मग वास्तुविशारदाचा नकाशा. एफएसआय (जागेच्या प्रमाणात किती बांधता येईल) यूडीसीपीआरमध्ये, म्हणजे राज्याच्या बांधकाम नियमावलीत, रस्त्याच्या रुंदीवर ठरतो, म्हणून रस्त्याची मंजूर रुंदी आधी विचारा. डांबर आज किती रुंद दिसतंय त्यावर जाऊ नका. रुंदीकरणात पुढची पट्टी गेली तर साडेचार गुंठ्यांत ते फार जाणवतं.

आखणी साधी ठेवा: तळमजल्यावर २, वर ३ आणि ३. तळाच्या तिसऱ्या घराच्या जागेत दुचाकी, मीटर आणि पंप. तळाची दोन घरं वृद्धांना आणि अपंगांना, १:१२ उताराच्या रॅम्पसह. प्रत्येकी ३२ चौ. मी. कार्पेट धरलं तर भिंती, जिना, पॅसेज मिळून ३४० चौ. मी. च्या आसपास बांधकाम होतं.

उत्तर ३ (जांभाचिरा):
पैसा दोन ठिकाणी वाया जातो, काँक्रीटमध्ये आणि सांडपाण्यात.

काँक्रीट: आयएस ४५६ हा काँक्रीटचा भारतीय कोड किनारी हवेला 'सिव्हियर' वर्गात घालतो. त्याचा अर्थ किमान एम-३० प्रतीचं काँक्रीट, पाणी-सिमेंट प्रमाण ०.४५ च्या वर नाही, घनमीटरला ३२० किलो सिमेंट आणि सळईवर ४५ मि.मी. कव्हर (काँक्रीटचा थर). खाऱ्या तुषारांच्या टप्प्यात असाल तर एम-३५ आणि ५० मि.मी. साइटवर होतं काय? सळईखाली खडीचा तुकडा सरकवतात, तो ओतताना घसरतो आणि कव्हर १५ मि.मी. वर येतं. काही वर्षांत बाल्कनीच्या स्लॅबच्या पोटाला तांबडा डाग, मग पोपडा. कव्हर ब्लॉक काँक्रीटचेच बनवून, बांधायची तार ओतून, आठवडाभर पाण्यात ठेवून मगच वापरा.

खाडीची रेती नकोच. हिशेब बघा: एका घनमीटरला साधारण ७०० किलो रेती जाते. त्यात क्लोराईड फक्त ०.१ टक्का असलं तरी ७०० ग्रॅम झालं आणि कोडची मर्यादा आहे ६०० ग्रॅम. क्रश सँड (दगड फोडून केलेली रेती) घ्या. मिश्रणाच्या पाण्यातही क्लोराईड ५०० मि.ग्रॅ. प्रति लिटरच्या आत हवं, म्हणून ती जुनी विहीर तपासल्याशिवाय वापरू नका.

पाया: चिऱ्याचा (जांभा दगडाचा) थर वरून कडक दिसतो, पण खाली पांढरट मऊ माती आणि पोकळ्या असतात. तीन ठिकाणी तीन-तीन मीटर खड्डे घेऊन बघा, एकावर समाधान मानू नका. भिंतींना चिरा चालतो, भार मात्र कॉलमवर द्या.

सांडपाणी: आठ घरं, ४० माणसं, माणशी १३५ लिटर, म्हणजे रोज ५,४०० लिटर. पन्नास माणसांच्या हिशेबाने ५ × २ मीटर तळाची सेप्टिक टाकी घ्या. खरी अडचण सोकपिटची (शोषखड्ड्याची). जांभा सच्छिद्र, आणि आषाढ-श्रावणात विहिरीचं पाणी काठाशी येतं. तेव्हा खड्ड्यातलं पाणी मुरत नाही, उलट संडासात चढतं किंवा विहिरीत झिरपतं. ऑगस्टमध्ये विहिरीची पातळी मोजल्याशिवाय सोकपिटची जागा ठरवू नका. टाकीनंतर खडीचा उलट-प्रवाहाचा फिल्टर आणि जमिनीच्या वर उचललेला केळ-कर्दळीचा खडीचा वाफा, हे जास्त भरवशाचं.

छपराला नुसता सपाट स्लॅब ठेवू नका. त्यावर उतरतं कौलारू छत आणि अडीच फूट पागोळ्या ठेवा, म्हणजे नैऋत्येची झड भिंतीला लागत नाही.

प्रश्नकर्ता (पारिजात_वेंगुर्ला):
खूप आभार. पैशांचं गणित कसं धरावं? भाडं ३,५०० च्या वर न्यायचं नाही असं ठरलंय.

उत्तर ४ (हिशेबनीस):
३४० चौ. मी. म्हणजे ३,६६० चौ. फूट. उदाहरणादाखल २,२०० रुपये दर धरला तर सुमारे ८० लाख. तुमच्याकडचा दर स्थानिक कंत्राटदाराकडून काढा. भाडं ८ × ३,५०० = महिना २८,००० रुपये. घरपट्टी, दुरुस्ती, रिकामे महिने यांना पाव हिस्सा गेला, उरले २१,०००. दहा टक्क्यांनी पंधरा वर्षांचं कर्ज यात साडेएकोणीस लाखांच्या वर पेलत नाही. म्हणजे साठ लाख देणग्या, निधी, सीएसआरमधून (कंपन्यांच्या सामाजिक निधीतून) यायला हवेत. ते हातात नसतील तर आधी तळमजला आणि पहिला मजला, पाच घरं, एवढंच बांधा. पाया तीन मजल्यांचा घाला आणि वर निघालेल्या सळयांना सिमेंटची घोळ चोपडून काँक्रीटच्या टोप्या बसवा, नाहीतर खारं वारं त्या खाऊन टाकेल.

सीएसआर हवा असेल तर ट्रस्टची आयकराची १२ अ आणि ८० जी नोंदणी आणि कंपनी मंत्रालयाकडचा सीएसआर-१ नोंदणी फॉर्म लागतो. फक्त आपल्याच समाजाला घरं असं ठरवलंत तर ८० जी मध्ये अडचण येते, म्हणून वाटप उत्पन्नाच्या निकषावर, सर्वांना खुलं ठेवा.

करार नोंदणीकृतच करा. भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे लेखी नोंद नसेल तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, आणि तोंडी मुदतवाढ देत गेलात की तीच वेळ येते. पोटभाडेकरू आणि पर्यटकांना खोली देण्यास मनाई, ही अट मराठीत, ठळक, स्वतंत्र सहीसह घाला. मे महिन्यात हंगामी पैशांचा मोह मोठा असतो.