विषय: एमआरआयचा दर आधी कळतो का?

नमस्कार मंडळी,
गुडघ्याचा एमआरआय सांगितलाय. आमचा इन्शुरन्स प्लॅन हाय-डिडक्टिबलवाला (वर्षात ठरावीक मोठी रक्कम, म्हणजे डिडक्टिबल, आपण भरेपर्यंत कंपनी बहुतेक खर्च देत नाही) आणि वर्ष नुकतंच सुरू झालंय, म्हणजे सगळे पैसे खिशातूनच जाणार. हॉस्पिटलवाले म्हणतात, "इन्शुरन्सचं कार्ड द्या, रक्कम नंतर कळेल." आधी कळायची काही सोय आहे का? शिवाय एप्रिलमध्ये सासू-सासरे येतायत. त्यांच्या इन्शुरन्ससाठी काय करू?
– अनघा, एडिसन (न्यू जर्सी, अमेरिका)

अनघाताई,
मी बिलिंगमध्ये काम करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते. बिलावरचा पहिला भलामोठा आकडा 'चार्जमास्टर'मधला, म्हणजे हॉस्पिटलच्या स्वतःच्या दरपत्रकातला असतो. इन्शुरन्स कंपनी तो घासाघीस करून खाली आणते आणि प्रत्येक कंपनीचा सौदा निराळा. त्यामुळे एकाच मशीनवर, एकाच दिवशी, शेजारशेजारच्या दोन पेशंटना वेगळे दर लागतात. दर न सांगता तपासणी करायची आणि महिन्याने बिल धाडायचं, हा सरळ अन्याय आहे.

2021 पासून हॉस्पिटलांना कंपनीवार ठरलेले दर आणि रोखीचा दर वेबसाइटवर टाकावे लागतात. डॉक्टरांच्या ऑर्डरवरचा सीपीटी कोड, म्हणजे त्या तपासणीचा ठरलेला क्रमांक, बघा. कॉन्ट्रास्ट (शिरेतून द्यायचं औषध) नसेल तर बहुधा 73721. तो सांगून हॉस्पिटलला आणि बाहेरच्या इमेजिंग सेंटरला 'सेल्फ-पे रेट', म्हणजे हाच रोखीचा दर, विचारा. पुष्कळदा तो इन्शुरन्सच्या दरापेक्षा कमी निघतो. मात्र रोखीचे पैसे सहसा डिडक्टिबलमध्ये धरत नाहीत. यंदा ऑपरेशनची शक्यता असेल तर कार्डच द्या.

सासू-सासऱ्यांसाठी 'फिक्स्ड बेनिफिट' पॉलिसी घेऊ नका. ती ठरावीक रक्कम देऊन हात वर करते, उरलेलं सगळं तुमच्यावर. कॉम्प्रिहेन्सिव्ह, म्हणजे व्यापक संरक्षणाची, घ्या, आणि जुन्या बीपी-डायबेटिसबद्दल काय लिहिलंय ते नीट वाचा. स्वतः पैसे भरून आधी ठरवलेली तपासणी असेल, तर 2022 पासून 'गुड फेथ एस्टिमेट', म्हणजे खर्चाचा लेखी अंदाज, मागता येतं. बिल त्याहून 400 डॉलर किंवा जास्त चढलं, तर 120 दिवसांत तक्रार करता येते. अचानक काही झालं तर मात्र पैशांचा विचार न करता ईआरला (हॉस्पिटलच्या इमर्जन्सी विभागात) न्या. 1986 च्या कायद्याने त्यांना तपासून, प्रकृती स्थिर करावीच लागते.
– मेधा

मेधाताई, खूप आभार! सेंटरने फोनवरच दर सांगितला, आमच्या कंपनीच्या दरापेक्षा बराच कमी. शनिवारची वेळ घेतेय.
– अनघा

पैसे भरण्याआधी एक विचारा: रिपोर्ट वाचणाऱ्या रेडिऑलॉजिस्टची फी त्यात धरलीय का? नसेल तर तिचं बिल वेगळं येईल.
– मेधा